बेताच्या खर्चात बेसिनची घडवंची

घरात नळ आला की घराची रीत पालटते. विहिरीवरून आणलेल्या घागरी आणि कळश्या ज्या लाकडी घडवंचीवर ओळीने मांडल्या जात, ती घडवंची हळूहळू अडगळीत जाते आणि तिच्या जागी नळाची तोटी येते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले व खेड्यापाड्यांत शौचालये उभी राहिली. पुढे १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली आणि प्रत्येक ग्रामीण घरात नळ पोहोचविण्याचा संकल्प सोडण्यात आला. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु शौचालय आणि नळ यांच्या मध्ये जी एक लहानशी जागा असावयास हवी, ती अनेक घरांत अद्याप नाही. ती म्हणजे हात धुण्याची नीट जागा.

तोटी असते, पण तिच्याखाली एक दगड आणि दगडाभोवती चिखल असतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला प्रत्येक वेळी वाकावे लागते. लेकरू हात धुण्यास जाते आणि पाय मळवून येते. साबणाची वडी कुठे तरी भिंतीच्या खाचेत विरघळत पडते. मग हात धुणे हे कर्तव्य न राहता कंटाळा होतो. १८४७ साली व्हिएन्ना येथील रुग्णालयात डॉक्टर इग्नाझ झेमेलवाईस यांनी प्रसूतिगृहात येणाऱ्या वैद्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतलेच पाहिजेत असा दंडक घातला, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जी गोष्ट रुग्णालयास लागू, ती स्वयंपाकघरासही लागू आहे. म्हणून हात धुण्याची जागा सोयीची करणे ही चैन नव्हे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

मात्र ही सोय करावयास निघालेला गृहस्थ तालुक्याच्या बाजारात गेला की त्याच्यापुढे वेगळाच मोह उभा राहतो. पांढरीशुभ्र, चकचकीत, आरसा जडविलेली बेसिनची कपाटे दुकानात मांडलेली असतात. रोख पैसा नसेल तर हप्ता बांधून मिळतो. त्यांतील स्वस्त कपाटे बहुधा लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेल्या पाटाची असतात. वरचा पापुद्रा शाबूत आहे तोवर ती देखणी दिसतात. एखाद्या कडेने पाणी आत शिरले की पाट फुगतो आणि एकदा फुगलेला पाट पुन्हा बसत नाही. हप्ते संपण्यापूर्वी वस्तू संपावी आणि कर्ज मात्र मागे उरावे, असा प्रसंग कोणत्याही कुटुंबावर येऊ नये. याच हेतूने बेसिनसाठी लाकडाची साधी, टिकाऊ घडवंची घरच्या घरी कशी करावी, हे आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मनावरचे हवामान आणि जुन्या घरांचे लाकूड

उदाहरणादाखल आम्ही मध्य प्रदेशातील मनावर हे ठिकाण घेतो. धार आणि देवास ही पवार घराण्याची मराठी संस्थाने. १९४८ साली ती मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ पासून तो मुलूख मध्य प्रदेशात आहे. धार जिल्ह्यातील मनावर हा तालुका विंध्याच्या दक्षिणेस, निमाडच्या सखल भागात आहे. मान नदी त्याच्या शेजारून वाहते आणि नर्मदा दक्षिणेस आहे. येथील उन्हाळा अतिशय कडक. लाकूड मे महिन्यात वाळून आक्रसते आणि पावसाळ्यात ओल पिऊन पसरते. म्हणून जी घडवंची निमाडात टिकेल, ती वसईच्या वाडीत किंवा नाशिक-नगरच्या खेड्यातही टिकेल, असे समजण्यास हरकत नाही.

निमाड निवडण्याचे दुसरेही एक कारण आहे. २०१७ च्या जूनमध्ये सरदार सरोवर धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पाणी १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोहोचले. नर्मदाकाठच्या पुष्कळ गावांत पाणी शिरले. धार जिल्ह्यातील निसरपूर व चिखलदा ही नावे तेव्हा देशभर ऐकू आली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून लोकांना दुसरीकडे जावे लागले. घर सोडून जाणारा माणूस भिंती नेऊ शकत नाही. परंतु तुळई, चौकट, दार, उंबरठा हे तो नेऊ शकतो. धरणामुळे असो, वाटणीमुळे असो अथवा नवे पक्के घर बांधावयाचे म्हणून असो, जुने घर उतरले की असे लाकूड अंगणात रचून पडते. त्याचा पहिला विचार बहुधा सरपण म्हणून होतो. आमचे सांगणे असे की, पन्नास-साठ वर्षे छताखाली मुरलेले ते लाकूड नव्या बाजारी लाकडापेक्षा कितीतरी शहाणे असते. ते जेवढे आक्रसावयाचे तेवढे आक्रसलेले असते. ते चुलीत घालू नये.

लाकडाचा खरा वैरी कोण?

पाण्याने लाकूड कुजते, असे आपण सहज म्हणतो. पण हे पूर्ण खरे नव्हे. नर्मदेवरील नाव लाकडाचीच असते. कोकणातील होडी खाऱ्या पाण्यात वर्षे काढते. वसईच्या वाड्यांतील रहाट पिढ्यान्‌पिढ्या पाणी उपसत आले. व्हेनिस शहर तर पाण्याखाली रोवलेल्या लाकडी खुंटांवर उभे आहे. मग न्हाणीघरातील फळीच तेवढी का कुजावी?

लाकूड कुजविते ती बुरशी. तिला ओल आणि हवा ही दोन्ही लागतात. पाण्यात पूर्ण बुडालेल्या खुंटास हवा मिळत नाही, म्हणून तो राहतो. वाळक्या लाकडाच्या वजनाच्या मानाने त्यातील पाणी २० टक्क्यांच्या खाली असले तर बुरशीस ओल पुरत नाही, म्हणून छताची तुळई राहते. होडीही पावसाळ्याच्या तोंडी किनाऱ्यावर ओढून घेतात व तिच्या लाकडास तेल पाजतात, म्हणून ती राहते. कुजते ते अर्धवट ओले लाकूड: ज्याच्या सांध्यात पाणी साचते, ज्याचा पाय ओल्या फरशीवर टेकलेला असतो, ज्याच्या आतल्या अंगास वारा लागत नाही. तात्पर्य, लाकडाचा वैरी पाणी नव्हे. साचून राहिलेले पाणी होय. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढील सारी रचना आपोआप समजेल. पाणी पडेल तेथे दगड ठेवावा, दगडाखाली लाकूड ठेवावे, आणि लाकडाभोवती वारा ठेवावा.

लाकडाची निवड

सागवान सर्वांत उत्तम. त्यात अंगचेच तेल असते, ते कमी फुगते आणि त्याला वाळवी सहसा शिवत नाही. मात्र हा गुण गाभ्याच्या तपकिरी लाकडाचा आहे. कडेचे पांढुरके लाकूड सागाचे असले तरी कुजते. निमाडच्या रानात अंजन नावाचे झाड होते. त्याचे लाकूड फार कठीण व जड. पायांसाठी ते अप्रतिम, परंतु त्यावर रंधा चालविणे नवशिक्याचे काम नव्हे. बाभूळ मजबूत, कडूनिंब मध्यम. आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण ओलीच्या जागी ती वापरू नये.

जुने लाकूड घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर आत भरीव आहे. दुसरी, बारीक भोके व त्यांतून गळणारी पिठासारखी भुकटी दिसली तर घुण लागला आहे असे समजून तो तुकडा दूर ठेवावा. तिसरी, एकूण एक खिळा उपटून काढावा. लपलेला एक खिळा करवतीचे सारे दात खातो. जुन्या दारावर तैलरंग असेल तर विशेष जपावे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले; त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. घराबाहेर, पाणी शिंपडून तो खरवडावा, खरवड गोळा करून पुरती बाजूला काढावी आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

जुने लाकूड नसेल तर वखारीतून घ्यावे, आणि पावती मागावी. रानातून चोरून तोडलेले लाकूड स्वस्त पडते खरे. परंतु अशा स्वस्ताईवर कोणाचे घर उभे राहू नये. प्लायवुडच घ्यावयाचे असेल तर त्यावर ‘आय. एस. ७१०’ हा छाप पाहावा. ओलीसाठी बनविलेल्या प्लायवुडची ती खूण आहे. त्याच्या कापलेल्या कडा मात्र रंगाने पुरत्या मिटवाव्या लागतात.

मापे आणि हिशेब

बेसिनची कड जमिनीपासून ३२ इंच उंचीवर असावी. घरात बुटकी वा वयस्कर माणसे अधिक असतील तर ३० इंच पुरे. मुलांसाठी एक पाट ठेवावा. वरून ठेवावयाचे, सुमारे ५ इंच उंचीचे भांडे-बेसिन आम्ही गृहीत धरतो. त्याच्यासाठी दगडास केवळ नळीपुरते एक भोक लागते. दगडात मोठा लंबगोल कापून घेण्याची मजुरी वाचते. बेसिन ५ इंच, दगड १ इंच, लाकडी चौकट २५ इंच आणि पायाखालचा दगडाचा तुकडा १ इंच, अशी ३२ इंचांची बेरीज होते. बेसिन आधी विकत घ्यावे, त्याची उंची मोजावी आणि मगच पाय कापावेत.

चौकट बाहेरून २२ इंच लांब व १६ इंच खोल. तिला लागणारे लाकूड असे:

पाय ४, प्रत्येकी २ इंच चौरस, २५ इंच लांब.

लांब आडपट्ट्या ४. प्रत्येकी ३ इंच रुंद, १ इंच जाड, साडेएकोणीस इंच लांब.

आखूड आडपट्ट्या ४. रुंदी-जाडी तीच, साडेतेरा इंच लांब.

खालच्या फळीऐवजी पट्ट्या ५. प्रत्येकी २ इंच रुंद, पाऊण इंच जाड, २१ इंच लांब.

या सर्वांचे मिळून सुमारे ९५४ घनइंच लाकूड होते. एका घनफुटात १७२८ घनइंच असतात. म्हणजे कापण्या-रंधण्यातील तूट धरूनही सारे काम एका घनफुटात सामावते. वाचकांनी आपापल्या वखारीत सागाच्या घनफुटाचा भाव विचारावा. लाकडाचा खर्च त्याहून अधिक होणार नाही. वरचा दगड २४ इंच बाय १८ इंच, म्हणजे बरोबर ३ चौरस फूट. कोटा फरशी अथवा काळा कडप्पा हे दोन्ही दगड ग्रॅनाइटहून स्वस्त आणि या कामास पुरेसे आहेत. फरशीवाल्याकडे उरलेला तुकडा पुष्कळदा याच मापाचा निघतो. राहिले बेसिन, तोटी आणि नळी. आमची सूचना अशी की, काटकसर दगडात व लाकडात करावी, तोटीत करू नये. गळकी तोटी ही सर्वांत महाग वस्तू होय. ती लाकूडही खाते आणि पाणीही खाते.

बांधणी

हत्यारे थोडी लागतात: करवत, रंधा, पटाशी, मोगरी, गुण्या आणि भोके पाडण्याचे यंत्र. प्रथम सर्व तुकडे रंधून, गुण्या लावून चौरस करावेत. आडपट्टीच्या दोन्ही टोकांस पाऊण इंच लांबीचे कुसू काढावे आणि पायात तेवढ्याच खोलीची खाच पटाशीने कोरावी. कुसू खाचेत हाताने ढकलून बसले पाहिजे. हातोड्याने ठोकावे लागले तर पाय चिरतो, आणि आपोआप पडले तर सांधा हलतो. पाण्यास न विरघळणारा सरस लावून सांधा बसवावा व आरपार भोक पाडून बांबूची खुंटी मारावी. लोखंडी खिळा ओलीने गंजतो आणि लाकडास काळे करतो. खुंटी लाकडाबरोबरच फुगते नि आक्रसते.

वरच्या चार आडपट्ट्या पायांच्या माथ्याशी समपातळीत, आणि खालच्या चार जमिनीपासून ६ इंच उंचीवर घ्याव्यात. खालच्या आखूड पट्ट्यांवर त्या पाच पट्ट्या लांबीने मांडाव्यात. पुढच्या व मागच्या पायांमधील अंतर १२ इंच आहे. पट्ट्यांची एकूण रुंदी १० इंच होते. उरलेले २ इंच सहा फटींत सारखे वाटून द्यावेत. या फटी कसर नव्हे, गरज आहेत. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत वाढते. फटी असल्या म्हणजे पावसाळ्यात पट्ट्यांना पसरावयास जागा मिळते आणि वरून सांडलेले पाणी खाली निघून जाते. अखंड फळी घातली असती तर तिच्यावर तळेच साचले असते.

पुढे दार लावू नये. बंद कपाटात ओल कोंडते, बुरशी येते आणि झुरळे घर करतात. बादली-साबण झाकावयाचे असतील तर धुतलेल्या जुन्या लुगड्याचा पडदा लावावा. तो काढून धुता येतो. शिवाय दार, बिजागऱ्या आणि मूठ यांचा खर्चही टळतो.

ज्यांना खाचा कोरणे जमत नाही, त्यांनी संकोच न करता गावच्या सुतारास बोलवावे. खाचा व कुसू तो एका दिवसात करून देईल. रंधणे, घासणे, तेल लावणे घरच्या माणसांनी करावे. बारा बलुतेदारांत सुतार हा गावगाड्याचा एक मुख्य आधार होता. आज कारखानी कपाटांनी त्याचे काम हिरावले आहे. म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो: बेताचा खर्च म्हणजे सुताराच्या मजुरीत घासाघीस नव्हे. संत जोसेफ याच धंद्यावर आपले घर चालवीत होते, हे आपल्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

दगड बसविणे

दगड चौकटीवर ठेवला की तो चारही बाजूंनी एकेक इंच बाहेर येतो. मागची कड भिंतीस टेकवावी. त्यामुळे लाकूड भिंतीपासून आपोआप इंचभर दूर राहते आणि मागून वारा खेळतो. दगड व भिंत यांमधील सांधा सिलिकोनने मिटवावा. फरशीवाल्याकडून दगडाच्या खालच्या अंगास, पुढील व बाजूच्या कडांपासून अर्धा इंच आत, एक बारीक खाच मारून घ्यावी. दगडावरून ओघळणारे पाणी कडेखाली वळून लाकडाकडे येते. या खाचेशी ते अडते आणि पागोळीसारखे खाली पडते. काम क्षुल्लक दिसते, परंतु घडवंचीचे आयुष्य त्याने वाढते.

पायांखाली दगडाचे चार तुकडे द्यावेत. लाकडाचे कापलेले टोक म्हणजे नळ्यांची जुडीच. ओल्या फरशीवर ते टेकले की पाणी वर ओढून घेते. कुजण्यास आरंभ येथूनच होतो.

तेल आणि राखण

दगड बसविण्यापूर्वी लाकूड पॉलिश कागदाने घासून जवसाचे तेल द्यावे. तीन पातळ हात पुरेत. प्रत्येक हातानंतर वीसेक मिनिटांनी न मुरलेले तेल फडक्याने पुसून घ्यावे आणि ते पुरते वाळल्यावरच दुसरा हात द्यावा. पायांच्या टोकांस दोन हात अधिक. येथे धोक्याची एक सूचना: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी मोकळ्या जागी पसरून वाळवावीत अथवा पाण्यात बुडवून ठेवावीत. पुढे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक हात तेल दिले की घडवंची वर्षभर निश्चिंत.

सांडपाण्याची वाट आधी ठरवावी, घडवंची मग करावी. बेसिनखाली ३२ मिलिमीटरची नळी व पाणी अडवून धरणारा सापळा बसवावा. त्यातील पाण्यामुळे गटाराची दुर्गंधी वर येत नाही. नळीचे पाणी अंगणात सोडले तर चिखल केवळ जागा बदलतो. ते केळीच्या आळ्यात अथवा विहिरीपासून दूर खणलेल्या शोषखड्ड्यात न्यावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने शोषखड्ड्यांच्या योगे सांडपाणी व डास दोन्ही हटविले, हे उदाहरण महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे.

शेवटी एक विनंती. हे काम घरातील कर्त्या पुरुषाने एकट्याने उरकू नये. मुलांनी घासावे, मुलींनी मोजावे, उंची किती ठेवावी हे आजीला उभे करून ठरवावे. कारण वाकण्याचा त्रास तिचा आहे. आजोबांच्या घराची चौकट असेल तर तिचा एक पाय अवश्य या घडवंचीत यावा. जुने घर राहिले नाही तरी त्याचे लाकूड घरच्या माणसांच्या रोजच्या उपयोगी पडेल. दुकानातील कपाट याहून चकचकीत असेल, पण त्याचा हप्ता दरमहा दारात येईल. ही घडवंची साधी दिसेल; मात्र तिच्यावर कोणाचे देणे असणार नाही, आणि तिच्यापाशी हात धुताना आजीला वाकावे लागणार नाही.